व्याजाऐवजी लाज

मुनीर,

तू गेलास त्याला आज अकरावा दिवस. या अकरा दिवसांत गाव तुझ्याबद्दल जेवढं चांगलं बोललं, तेवढं तुझ्या हयातीत एकदाही बोललं नाही. परवा मदरशाच्या ओसरीवर सभा झाली. सरपंच म्हणाले, "मुनीरभाई म्हणजे मेणाहून मऊ माणूस." मी तिसऱ्या रांगेत होतो. मला असा ठसका लागला की शेजारच्याने पाठीवर हात फिरवला. बिचाऱ्याला वाटलं, मास्तरला हुंदका आला. मेणाहून मऊ! ज्या माणसाने सख्ख्या मेहुण्याचं नाव बाजाराच्या दिवशी चौकातल्या फळ्यावर लिहिलं आणि नाव ठळक दिसावं म्हणून खडू ओला करून पुन्हा गिरवलं, तो मेणाहून मऊ! तू तिथे असतास तर उठून सरपंचाला विचारलं असतंस, "किती मऊ? मोजून सांगा."

मग सगळे माझ्याकडे वळले. मास्तर, तुम्ही दोस्त, तुम्ही बोला. मी उठलो. टोपी सारखी केली, खांबाला हात टेकला, गणपतीच्या नाटकात खलनायकाच्या मृत्यूपूर्वी घेतो तेवढा मोठा विराम घेतला आणि म्हणालो, "माझ्याच्यानं बोलवत नाही." दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात यशस्वी संवाद. खरं कारण असं की मी बोललो असतो, तर लोकांनी मला ओसरीवरून खाली ढकललं असतं.

कमिटीने मग हे काम माझ्या गळ्यात घातलं. मुनीरभाईंवर चार चांगले शब्द लिहून द्या, चाळिसाव्याला वाचून दाखवू. लिहितो. पण लिहितो तुला. चांगले शब्द चार निघतील की नाही, ते शेवटी मोजून घे.

तुझी माझी ओळख मलकापूरची. मी तिथे मास्तरकीचं ट्रेनिंग घेत होतो आणि तू एका जिनिंगमध्ये कपाशीची प्रत ठरवत होतास. ढिगात हात घालायचास, चिमूटभर कापूस काढायचास, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचास, आणि डोळ्यांसमोर धरून सांगायचास: एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. शेतकरी हात जोडून उभा असायचा. सालभराची मेहनत तुझ्या दोन अंगठ्यांमध्ये. मी एकदा म्हणालो, "मुनीर, ह्या माणसाचा चेहरा तरी पाहत जा." तू म्हणालास, "चेहरा पाह्यला का सगळाच माल एक नंबर होते, मास्तर." आपली पंचवीस वर्षांची दोस्ती याच एका वाक्यावर भांडण्यात गेली.

छातीत कापसाची धूळ साचली तेव्हा तू नोकरी सोडून गावात परत आलास. महाराष्ट्र राज्य नवं होतं, जिल्हा परिषद त्याहून नवी. जो तो कसल्या तरी कमिटीवर जात होता. तू मदरशाच्या कमिटीचा सेक्रेटरी झालास. मदरसा म्हणजे मशिदीमागची दोन खोल्यांची ओसरी, आणि त्याच कमिटीकडे बैतुलमाल: गावातल्या मुसलमानांनी थोडंथोडं घालून जमवलेला सामाईक निधी. अडलेल्याला त्यातून बिनव्याजी उसने मिळत. तू येण्यापूर्वी त्या निधीची काय अवस्था होती, हे मी लिहिलं नाही तर ती बेइमानी होईल. बडे लोक पैसे उचलायचे आणि परत करताना त्यांना अल्लाची रहमत आठवायची. गरिबाच्या पाळीला पेटी रिकामी. तू पहिल्या वर्षी दारोदार फिरलास. शिव्या खाल्ल्यास. एका बड्या घरातून तुझ्यावर कुत्रं सोडलं गेलं. पण पेटी भरलीस. हा झाला पहिला चांगला शब्द. लिहून घे.

पण मग तुझ्यापुढे प्रश्न आला. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर, रॉकेलच्या खोक्यावर बसून, बशीत फुंकर मारत तू मला तो सांगितलास. "व्याज घेता येत नाही, हराम हाय. उशीर झाला म्हणून दंड घ्यावा तर तो बी व्याजाचाच भाऊ. मंग माणूस वक्तावर पैसे काऊन आणून देईन? त्याले भेव कशाचं?"

मी गमतीत म्हणालो, "लाजेचं. व्याजाऐवजी लाज घे. ती हराम आहे असं कुठं लिहिलेलं मी ऐकलं नाही."

मुनीर, मी गंमत केली होती. तू बशी खाली ठेवलीस आणि माझ्याकडे असं पाहिलंस, जसं एक नंबर कापूस सापडल्यावर पाहायचास.

आठ दिवसांत चौकात फळा लागला. फळाही माझ्याच शाळेतला, एका कोपऱ्यात तडकलेला. हौसेने मीच दिला. दर शुक्रवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, नमाज सुटायच्या वेळी तू त्यावर मुदत टळलेल्यांची नावं लिहायचास. अक्षर तुझं देखणं. लोक म्हणायचे, फळ्यावर नाव आलं की बायको जेवायला वाढते पण ताट आदळते. पैसे धडाधड परत येऊ लागले. पहिले काही शुक्रवार मी मुद्दाम चौकात जाऊन उभा राहायचो. नावं वाचणाऱ्यांचे चेहरे पाहणं ही त्या काळातली माझी सगळ्यात मोठी करमणूक होती. खोटं काऊन बोलू?

आणि मग माझी बायको आजारी पडली. पोटात गाठ होती, अकोल्याला ऑपरेशन. माझे सगळीकडे हात पसरून झाले होते. तूच घरी आलास. कमिटीत विरोध झाला: मास्तर हिंदू आहे, त्याला बैतुलमालमधून कसं द्यायचं? तू नियमांची वही उघडलीस म्हणे आणि बोट ठेवलंस. "हे पाहा, 'गरजू' लिहेल हाय. पुढं काही लिहायचं राह्यलं असंल तर तुमी लिहायले पाह्यजे होतं. आता लिहेल ते लिहेल." पैसे माझ्या हातात ठेवताना तू बायकोच्या तब्येतीबद्दल एक शब्दही विचारला नाहीस. फक्त म्हणालास, "मुदत दिवाळीची. ध्यानात ठेव बे." आज सकाळी मी तिच्या हातची भाकर खाल्ली. हा झाला दुसरा शब्द. याच्यावर मला विनोद करता येत नाही.

दिवाळी आली आणि गेली. माझ्याकडे पैसे नव्हते. पुढच्या शुक्रवारी फळ्यावर पहिलं नाव माझं. माझ्याच शाळेच्या फळ्यावर, माझ्याच शाळेच्या खडूने! वर 'गुरुजी' लावायलाही विसरला नव्हतास. चौथीतल्या एका पोरीने मला वर्गात विचारलं, "गुरुजी, मुदतबाह्य म्हंजे काय?" मी तिला समास सोडवून दाखवला.

तेवढ्यावर थांबला असतास तरी चाललं असतं. पण निधी सुधारला तशी तुझी नजर मदरशाकडे वळली.

मदरशात दोन शिकवणारे होते. एक हाफिजजी, साठीला आलेले, बायको वारलेली, एक लेक वरवट बकालला दिलेली. मदरशामागच्या खोलीतच राहायचे. दुसरे आरिफ मौलवी, बावीस वर्षांचे, दाढी नुकती जमू लागलेली. तू दोघांसाठी रजिस्टर केलंस. आठवड्यात कोणी किती पानं पढवली, वर्षात किती मुलांचं कुराण एकदा पूर्ण झालं. आरिफ मौलवींचे रकाने भरून वाहायचे. हाफिजजींच्या रकान्यात कधी एक पान, कधी भोपळा. ते एका अक्षरावर आठ-आठ दिवस थांबायचे. घशातून काढायचं एक अक्षर ते मुलांकडून असं घोटून घ्यायचे की शेजारच्या गोठ्यातल्या बकऱ्या उत्तर द्यायच्या. पण मी भजनात पेटी वाजवणारा माणूस. कान आहे मला. शाळा सुटल्यावर त्या भिंतीशी सायकल टेकवून मी उगाच उभा राहायचो. शब्द एक कळत नसे. पण हाफिजजींची मुलं पढायला लागली की सायकलवर बसावंसं वाटत नसे.

तुला हे सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "तुले ऐकू येते ते रजिस्टरात कोठी लिहू?"

मी म्हणालो, "सगळंच लिहिलं पाहिजे का?"

"जे मोजता येत नाही ना मास्तर, ते चोराच्या कामाचं. न मोजलेल्या मालातच चोरी होते."

"आणि मोजलेल्यात?"

"मोजलेल्यात झाली तर समजते तरी."

याचं उत्तर मला आज सुचलंय, पण तू उठून गेलास.

मग तू तुझा शेवटचा नियम काढलास. ज्याची मुदत टळली, त्याच्या मुलाला पैसे फिटेपर्यंत सबक नाही. मदरशात बसायचं, पण पढायचं नाही. तुझं म्हणणं, निधी आणि मदरसा एकाच कमिटीचे. एका हाताने घ्यायचं आणि दुसऱ्या हाताचं बुडवायचं, हे चालणार नाही. नियम लागू झाला तो एकाच घराला. अमीनाबी, बांगड्या भरणारी विधवा. धाडच्या बाजारापर्यंत पायी जायची. माल भरायला पैसे घेतले आणि पेटी घेऊन ओढ्यात घसरली. काच ती काच. तिची पोरगी जुबेदा, नऊ वर्षांची, हाफिजजींकडे पढत होती. तू हाफिजजींना सांगितलंस, हिला सबक बंद.

हाफिजजी आयुष्यात कोणाला नाही म्हणाले नसतील. तुला म्हणाले. मी तिथेच होतो, चौकातून आणलेल्या फळ्याच्या चौकटीला खिळा ठोकत. "कर्ज माँ का है, मुनीरभाई. सबक बच्ची का है." एवढंच. आणि जुबेदाकडे वळून म्हणाले, "हाँ बेटा, फिर से."

तुझा चेहरा पाहण्यासारखा होता. तुझ्या नियमाला पहिल्यांदाच कोणी उलट बोललं होतं, तेही तीन नंबरच्या मालाने.

पंधरा दिवसांत तू कमिटीकडून ठरवून घेतलंस: दोन उस्ताद परवडत नाहीत, एकच ठेवायचा. कोण, ते परीक्षेवर. प्रत्येकाने आपला एक शागीर्द आणायचा. दोघांना एकच पान. वेळ मोजायची आणि चुका मोजायच्या. चुका कोण काढणार? तर समोरचा उस्ताद. आरिफ मौलवींचा मुलगा पढेल तेव्हा हाफिजजींनी चुकीला बोट वर करायचं, हाफिजजींचा शागीर्द पढेल तेव्हा आरिफ मौलवींनी. बोट वर झालं की एक चिंचोका वाटीत. आणि चिंचोके टाकणारा, घड्याळ पाहणारा, निकाल सांगणारा पंच कोण? मी! कमिटीत तू काय सांगितलंस ते मला नंतर कळलं. "मास्तरले अरबीतलं ठो समजत नाही. याच्याहून निष्पक्ष पंच कोठून आणता?"

आणि मी गेलो, मुनीर. शाळेचं घड्याळ खिशात घालून, धुतलेलं धोतर नेसून गेलो. ज्याचं स्वतःचं नाव त्या दिवशी फळ्यावर होतं, तो मुदतबाह्य मास्तर, मुदतबाह्य बाईच्या पोरीचा न्याय करायला गेला. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. ओसरी भरली होती, भिंतीवर माणसं बसली होती. इतका मोठा प्रेक्षकवर्ग मला गणपतीतही मिळत नसे.

पहिला आरिफ मौलवींचा सलीम पढला. काय वेग! उतारावरच्या सायकलीसारखा. लोक खूश. मी वाटी हातात धरून हाफिजजींच्या बोटाकडे पाहत होतो. बोट मांडीवर. ते शेवटपर्यंत मांडीवरच राहिलं. एकही चिंचोका पडला नाही.

पण मी नुसत्या बोटाकडेच पाहत नव्हतो. मी तीन वर्षं पडद्याआड उभा राहून नटांना वाक्यं सांगितली आहेत. नट बरोबर बोलला की सांगणाऱ्याचे ओठ मिटलेले असतात. चुकला की हलतात. हाफिजजींचे ओठ हलत होते. सलीम एखाद्या शब्दावरून घसरला की ते तो शब्द हळूच नीट म्हणायचे, आणि पुन्हा ओठ मिटायचे. मुलाला ऐकू जावं, लोकांना नाही, एवढ्या आवाजात. मी मोजलं. बारा वेळा.

नंतर जुबेदा. ओढणीचं टोक मुठीत धरून बसली. तिने सुरुवात केली आणि भिंतीवरची माणसं शेंगा खायची थांबली. मी घड्याळ पाहायचं विसरलो. पण आरिफ मौलवींचं बोट विसरलं नाही. एक, दोन, तीन. प्रत्येक चिंचोक्याला ती दचकायची. सात पडले. त्यातल्या काही वेळा तर ती नुसती श्वास घ्यायला थांबली होती, असं नंतर जाणत्यांनी सांगितलं. पान संपलं तेव्हा सलीमच्या दुपटीहून जास्त वेळ झाला होता.

मी उभा राहिलो. एका वाटीत सात, एका वाटीत काही नाही. बारा ही संख्या माझ्या तोंडात होती. हाफिजजी माझ्याकडे पाहत होते. तूही पाहत होतास. ओसरी चिडीचूप. आणि मुनीर, अशी शांतता समोर असताना माझ्यातल्या नटाला राहवत नाही. मी हात पसरले आणि म्हणालो, "मंडळी, आरिफ मौलवींची एसटी मुक्कामाला पोचली, डायवर जेवला, हात धुतले. हाफिजजींचा खटारा अजून नाल्यातच हाय!"

छप्पर उडालं. पोटं धरून हसले लोक. हाफिजजीही हसले. ते हसले म्हणून आधी मला बरं वाटलं. मग ते हसणं थांबवायचं कसं हे त्यांना कळेना, तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं.

चौथ्या दिवशी ते लेकीकडे वरवट बकालला निघाले. एसटीत चढताना कोणीतरी ओरडलं, "खटारा हाफिज, आज एसटीनं काऊन?" माझा विनोद त्यांच्या आधी गाडीत चढून बसला होता.

त्याच शुक्रवारी मी चौकातून गेलो. फळ्यावर माझं नाव नव्हतं. मी एक पैसा भरला नव्हता. तू पुसलं होतंस. मी तुला विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. सहा वर्षं आपण रोज चहा प्यालो. पैसे मी नंतर फेडले, सगळे. पण ते पुसलेलं नाव आपल्या दोघांच्या मध्ये रॉकेलच्या तिसऱ्या खोक्यासारखं पडून राहिलं आणि त्यावर कोणी बसलं नाही.

त्यानंतर तुझी कमिटी एक नंबर झाली. खामगावाहून पाहुणे आले, रजिस्टर पाहून त्यांनी माना डोलावल्या. निधीत एक थकबाकी नाही. असणार कशी? मागायलाच कोणी येईना. शिंप्याचं शिवणयंत्र मोडलं तेव्हा तो सावकाराकडे गेला. मी विचारलं, "बैतुलमाल असताना?" तो म्हणाला, "सावकार व्याज घेते मास्तर, पण चौकात नाव तं नाही लिहत." व्याज हराम म्हणून काढलेल्या निधीने गावाला व्याजाकडे हाकललं, आणि तुझ्या रजिस्टरात मात्र सगळे रकाने भरलेले. मदरशात मुलं वर्षात दोन-दोनदा पुस्तक पूर्ण करायची. मधलं पान उघडून दिलं की अक्षर ओळखायची नाहीत. अमीनाबीने चांदीचे वाळे विकून पैसे भरले. जुबेदा मदरशात परत आली नाही. आता धाडच्या बाजारात बांगड्यांची पेटी तिच्याच डोक्यावर असते. मला पाहिलं की ती वाट बदलते, आणि मला ते बरं वाटतं.

हे सगळं मी तुला टपरीवर मीठमसाला लावून सांगायचो. तू खोकत ऐकायचास. म्हणायचास, "तुह्या गोष्टी लय झ्याक राह्यते बे. पण तू सांगते कवा? झाल्यावर."

मग तू अंथरूण धरलंस. मी रोज यायचो. त्या दिवशी भाभी पाणी आणायला आत गेल्या आणि तू माझं मनगट धरलंस. अंगठ्यांत ताकद उरली नव्हती.

"मास्तर, हाफिजजीले आण."

"कशाला?"

"आरिफ मौलवी रोज येऊन यासीन वाचून जाते. यासीन म्हंजे मरणाऱ्याजवळ वाचतात ते. मी एक शब्द धरतो, तवर तो दहा पुढं. मले समजून नाही राह्यलं. मले हाफिजजीचं ऐकायचं हाय. हळू हळू."

मी हसलो. अशा वेळी हसणारा मी एकटाच असेन. म्हणालो, "रजिस्टरात तर ते नापास होते."

तू डोळे मिटलेस. "बारा," म्हणालास.

मुनीर, तो आकडा मी कोणालाच सांगितला नव्हता.

"मी तुह्याकडे पाहून राह्यलो होतो," तू म्हणालास. "हाफिजजीकडे नाही, तुह्याकडे. तू मोजत होता. तुह्या बोटाच्या पेरावर अंगठा फिरून राह्यला होता. मले वाटलं, हा बोलंल. थांबलो होतो मी. तू बोलला असता ना, तर ठेवलं असतं मी त्याले."

"खोटं," मी म्हणालो. "तुला त्यांना काढायचंच होतं. जुबेदापायी."

"असंल."

"मग माझ्यावर काऊन ढकलतोस?"

"ढकलत नाही बे. मोजून राह्यलो." आणि खोकल्याची उबळ आली.

आपलं शेवटचं भांडण ते. पुरं झालं नाही. मी बोललो असतो तर तू खरंच ठेवलं असतंस का? मरणाऱ्या माणसाने एवढं हलकट वाक्य मागे ठेवून जाऊ नये. मी ते रोज अंगठ्यांत धरून ओढून पाहतो, आणि त्याची प्रत मला ठरवता येत नाही.

मी वरवट बकालला गेलो. दोन एसट्या बदलून. लेकीच्या घराच्या पडवीत हाफिजजी तीन मुलांना पढवत होते. मांडीपुढे गजराचं घड्याळ. मला पाहून चटकन उठले, तक्रार नाही, टोमणा नाही. मी तुझा निरोप सांगितला. लेक आतून म्हणाली, "अब्बा, ज्यांनी हाकललं त्यांच्याकडे जाता?" ते म्हणाले, "बीमार के पास जा रहा हूँ." टोपी घेतली, घड्याळ पिशवीत टाकलं आणि माझ्या आधी दाराबाहेर पडले. स्टँडकडे जाताना मी मागे पडत होतो. साठीतला माणूस जवळजवळ धावत होता. मला वाटलं, गाडी चुकेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तुझ्या उशाशी बसले. तुझे ओठ थोडे हलले. बहुतेक तू सलाम केलास. खिडकीतून ऊन तुझ्या गोधडीवर आलं होतं. मी दाराशी उभा होतो, भिंतीला टेकून, तसाच, जसा सायकल टेकवून उभा राहायचो. सहा वर्षांनी ते ऐकायला मिळणार होतं.

त्यांनी वाचायला सुरुवात केली, आणि मला वाटलं माझे कान बिघडले.

भरधाव. सलीमहून भरधाव. शब्दाला शब्द लागत नव्हता, श्वास मिळेल तिथे घेतला जात होता, आणि डोळे पुन्हा पुन्हा पिशवीतून काढून ठेवलेल्या घड्याळाकडे. घशातलं ते अक्षर, ज्याच्यासाठी ते पोरांना आठ-आठ दिवस बसवायचे, ते आलं आणि गेलं. मला कळलंही नाही. तुझा हात गोधडीवरून उचलला गेला. "हळू," तू म्हणालास. "हाफिजजी... हळू वाचा." ते मान डोलावून थांबले, पहिले दोन शब्द हळू म्हणाले, आणि तिसऱ्याला पुन्हा सुटले. त्यांना ते जमतच नव्हतं. त्या गावातही पोरांच्या बापांनी त्यांना घड्याळ दाखवलं असेल. खटारा हे नाव तिथवर पोचलंच होतं. तू मान माझ्याकडे वळवलीस. तुझे डोळे मला विचारत होते, हे कोणाला आणलंस तू?

आपण दोघांनी बनवलेला माणूस, मुनीर. तुझं रजिस्टर आणि माझं तोंड. एक नंबर माल.

तुझा हात खाली आला. भाभींनी तोंडाला पदर लावला. हाफिजजी न थांबता शेवटपर्यंत गेले, घड्याळ उचलून डोळ्यांजवळ धरलं. मग माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर तेच हसणं, जे त्यांना थांबवता येत नाही.

"वक्त में हो गया ना, मास्तरजी?"

तू तोवर होतास की गेला होतास, हे मी भाभींना विचारलेलं नाही. तू ते वाक्य ऐकून गेला असावास, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मी ऐकलं. "हाव, वेळेत झालं," म्हणालो. आणि मी अजून इथेच आहे.